फाट्यावरच्या दोन पाट्या

माझ्या नणंदेच्या लग्नाला नवरदेव अगदी वेळेवर आला होता. मांडवात नव्हता, एवढंच.

हे नीट सांगायचं तर आधी मंडळाबद्दल बोलायला हवं, आणि मंडळाचा विषय निघाला की माझी जीभ सैल सुटते. इतकी वर्षं घरच्यांची भीड म्हणून गप्प होते. आता त्या सगळ्या वीरांचे गुडघे गेलेत. मला पकडायला कोण धावतंय?

ऐंशीच्या आसपासची वर्षं. आम्ही सरावलीला चाळीत राहायचो. आमचे हे बोईसरला एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये होते. (घरातला नळ दीड वर्ष गळत होता. मेंटेनन्स फक्त कारखान्याचा.) ह्यांनी आणि ह्यांच्या सात मित्रांनी मिळून एक मंडळ काढलं, 'सरावली स्कूटर भ्रमण मंडळ'. सभासद आठ, स्कूटर तीन. त्यातली एक अध्यक्षांची, म्हणजे आमच्या शेजारच्या दाभाडेंची, आणि ती फक्त उतारावर सुरू व्हायची. त्यामुळे दाभाडे कुठंही जायचं म्हटलं की आधी उतार शोधायचे.

वस्तीच्या मागं एक टेकडी होती. पालघरकडून येणाऱ्या डांबरी रस्त्यावरून आत वळलं की ओढ्याच्या कडेनं एक वाट यायची, आणि एका फाट्यावर तिच्या दोन वाटा व्हायच्या. एक सरळ टेकडीच्या माथ्यावर जायची, दुसरी पायथ्याला वळसा घालून आमच्या वस्तीत उतरायची. मंडळाला वाटलं, ही वाट आपण शोधून काढली. तिच्यावरून दर रविवारी स्कूटरी पळवायच्या, आणि पळवायच्या म्हणजे वाट राखायला हवी. झालं. रविवार उजाडला की आठ पुरुष कोयते, फावडी, घमेली घेऊन श्रमदानाला निघायचे. घरी चहाचा कप उचलून मोरीत ठेवताना ज्यांची कंबर धरायची, ते तिथं दिवसभर मुरूम वाहायचे. दुपारी बाराला आम्ही बायका डबे घेऊन जायचो. नाही नेले तर मंडळाच्या कार्यात सहकार्य नाही म्हणून बोलणी.

त्यांचं काम बघायला टेकडीखालचा एकच माणूस यायचा, लहानूबाबा. त्याची तिथं पायथ्याला भाताची दोन खाचरं आणि उतारावर थोडी नाचणी. तो बांधावर बसून विडी ओढत यांच्याकडं बघत राहायचा.

एकदा दाभाडे त्याला म्हणाले, "काय बाबा, कशी काढली वाट?"

"काढली कुठं?" लहानूबाबा म्हणाला. "माझा बाप याच वाटेनं बाजाराला जायचा. तुमी गवत कापलं तेवढं. बरं झालं, मी भारे बांधून नेतो."

आणि खरंच नेले. दर रविवारी आठ शिकलेली माणसं त्याचं गवत फुकट कापून द्यायची आणि सोमवारी तो ते भारे घरी न्यायचा. त्या टेकडीवर अक्कल फक्त एकाच माणसाकडं होती, आणि तो मंडळाचा सभासद नव्हता.

लहानूबाबाची स्वतःची पायवाट वेगळी होती. माथ्यावरून थेट खाली, त्याच्या खाचरापाशी उतरणारी. मंडळानं काय करावं? तिच्या वरच्या तोंडाशी करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं. कारण काय, तर पायी येणारी माणसं स्कूटरला आडवी येतात. लहानूबाबा कुंपणाला वळसा घालून जाऊ लागला.

बरं, वाट राखायची तर सगळी राखावी ना? नाही. वस्तीकडं येणारी वाट सपाट, तिच्यात मजा नाही, म्हणून ती आहे तशीच. सगळा मुरूम, सगळा घाम माथ्यावर जाणाऱ्या चढावर. चढ असा गुळगुळीत केला की सांगायची सोय नाही. "ट्रक चढेल," असं हे जेवताना रोज सांगायचे. मी म्हणायचे, "चढेल हो, पण ट्रकला तिथं काम काय?" ह्यावर हे भात वाढायला सांगायचे.

आता पाट्यांकडं येते. इथून पुढं माझा आवाज जरा खाली येईल.

फाट्यावर पाट्या लावायचं मंडळात ठरलं. दाभाडेंनी स्वतः दोन फळ्या रंगवून आणल्या आणि अंगणात वाळत ठेवल्या. एकीवर 'टेकडि कडे', दुसरीवर 'वस्ति कडे'. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. लग्नाआधी पालघरला दोन वर्षं शाळेत शिकवलंय. मला ते बघवेना.

"दाभाडे," मी म्हटलं, "टेकडी दीर्घ. वस्तीपण दीर्घ. आणि 'कडे' शब्दाला जोडून लिहायचं असतं. ही पाटी ओढ्यातल्या म्हशीनं वाचली तर तीसुद्धा हसेल."

"मग वहिनी, तुम्हीच लिहा ना," दाभाडे म्हणाले. बिचारे चिडलेसुद्धा नाहीत.

मी लिहिल्या. जुना रंग खरवडून काढला, पांढऱ्यावर लाल रंगानं टपोऱ्या अक्षरांत. आणि नुसतं शुद्धलेखन सुधारून थांबेन तर ती मी कसली! मी म्हटलं, पाटीवर पाल्हाळ कशाला? कमीत कमी शब्दांत जास्तीत जास्त अर्थ, हेच तर मी मुलांना शिकवायचे. म्हणून चढाच्या पाटीवर एक बाण आणि एकच शब्द लिहिला: वर. वस्तीच्या पाटीवर एक बाण आणि एकच शब्द: खाली. चाळीतल्या सगळ्यांनी अक्षराचं कौतुक केलं. मी आठवडाभर त्याच तोऱ्यात होते.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी, मार्गशीर्षात, कुंदाचं लग्न आलं.

कुंदा माझी नणंद. सासू-सासरे गेल्यावर आमच्याकडंच वाढली, मला बहिणीसारखी. तिचं आधी एकदा लग्न ठरलं होतं. मांडव पडला, जेवणं शिजली, आणि मुलाकडचे आलेच नाहीत. दुपारी चारला निरोप आला, मुलाला दुसरी मुलगी पसंत पडली म्हणून. त्या दिवशी कुंदानं स्वतः उठून मुंडावळ्या सोडल्या, घडी करून माझ्या हातात दिल्या आणि सगळ्यांना वाढायला लागली. त्यानंतर चार वर्षं तिनं कुणाला भेटायचं म्हटलं नाही. आता एडवणचे मोरेश्वर तिला आवडले होते. बागायतदार घर, नारळी-केळीची वाडी, मुलगा शांत. ह्या वेळी वरात दारात येणं किती गरजेचं होतं, हे घरात कुणी बोलत नव्हतं. पण पहाटेपासून जो तो अंगणात येऊन रस्त्याकडं बघून जात होता.

मुहूर्त बारा वाजून पाच मिनिटांचा. सकाळी आठला बातमी आली की सरावलीच्या नाक्याअलीकडं एक टँकर आडवा झालाय आणि रस्ता दुपारपर्यंत बंद. वास सुटलाय, कुणाला पुढं सोडत नाहीत. एडवणची माणसं टेम्पोनं पालघरमार्गे येणार होती. मी पुन्हा अंगणात जाऊन रस्त्याकडं बघून आले.

मंडळाला मात्र आनंद झाला. खोटं नाही सांगत, आनंदच झाला. ह्यांचा चेहरा असा उजळला की लग्न ह्यांचंच आहे असं वाटावं.

"आपली वाट आहे ना!" हे म्हणाले. "टेम्पो मागच्या वाटेनं आणू. दाभाडे डांबरी रस्त्यावर थांबतील, टेम्पो आत वळवतील. फाट्यावर एक माणूस उभा करू."

"फाट्यावर माणूस कशाला?" मी म्हटलं. "इथं पंगतीला माणसं कमी पडतायत. पाट्या लावल्यात ना तिथं? मी लिहिल्यात. ज्याला मराठी वाचता येतं तो चुकणार नाही."

"तरी पण..."

"तरी पण काय? जाताना पाटीला झेंडूची एक माळ घाला म्हणजे पाहुण्यांना बरं वाटेल. माणूस नको."

हे गेले आणि माळ घालून आले. माळ एकच, पाट्या दोन. फाट्यावर जी पाटी आधी दिसली तिला घातली.

पुढचं सगळं मला मागाहून खुद्द मोरेश्वररावांनी सांगितलं. अजून सांगतात. दर दिवाळीला, नव्या जावयासमोर, डॉक्टरसमोर, एकदा तर मीटर वाचायला आलेल्या माणसासमोर.

दाभाडे डांबरी रस्त्यावर मंडळाचा झेंडा घेऊन उभेच होते. टेम्पो आला. पुढं ड्रायव्हर रामसजीवन, बोईसरलाच माल वाहणारा, पण ह्या वाटेला कधी न आलेला. त्याच्या शेजारी फेटा बांधलेले मोरेश्वरराव, त्यांच्या पलीकडं त्यांचे मामा. मामा म्हणजे त्या घरातला शेवटचा शब्द. मागं वीस-बावीस वऱ्हाडी. दाभाडेंनी टेम्पो आत वळवला, आणि आता स्वतः पुढं राहून वाट दाखवावी, तर तिथं उतार नव्हता. स्कूटर सुरू होईना.

"तुम्ही व्हा पुढं," दाभाडे म्हणाले. "पाट्या आहेत. लग्नघरच्या वहिनींनी खास लिहिल्यात. पाटी सांगेल तसं जा."

टेम्पो फाट्यावर आला. दोन वाटा, दोन पाट्या. एका पाटीला ताजी झेंडूची माळ.

मामांनी मान बाहेर काढून वाचलं. "वर," ते म्हणाले. "म्हंजे आपला मोरू. बघ, नवरदेवासाठी वेगळी पाटी करून हार घातलाय. माणसं हौशी हायत."

"मामा," मोरेश्वरराव हळूच म्हणाले, "वर म्हणजे नुसतं वरती पण असंल."

"तू नवरदेव हायस," मामा म्हणाले. "आज तू बोलायचं नाय."

रामसजीवननं दुसरी पाटी अक्षर जुळवत वाचली. "उधर तो खाली लिखा है मामाजी. उधर कुछ नहीं है."

"ऐकलंस?" मामा म्हणाले. "तिकडं रिकामं हाय. त्याला पण कळलं. चल वर."

आणि टेम्पो चढाला लागला. मंडळानं जन्मात एकच काम चोख केलं होतं, तो हा चढ. हे म्हणायचे ट्रक चढेल, तसा टेम्पो वीस-बावीस माणसांसकट एका दमात माथ्यावर गेला. मागचे वऱ्हाडी म्हणे वाटेची स्तुती करत होते. माथ्यावर पोहोचल्यावर स्तुती थांबली. तिथं एक बांबू होता, त्याच्यावर मंडळाचा दुसरा झेंडा, आणि सगळीकडं गुडघाभर वाळकं गवत. समोर खाली, पार पायथ्याला, सरावलीतला आमचा मांडव दिसत होता. सनईची रेकॉर्डसुद्धा ऐकू येत होती.

"गाडी उतरव खाली," मामा ड्रायव्हरला म्हणाले.

रामसजीवननं खाली उतरून मुरूम पायानं उकरून बघितला. "चढ़ गया सो चढ़ गया," तो म्हणाला. "ये उतरेगा नहीं. फिसलके सीधा नाले में जाएगा."

इकडं मांडवात साडेदहा वाजले होते आणि टेम्पोचा पत्ता नव्हता. दाभाडे तेवढ्यात घामानं निथळत चालत आले. टेम्पो कधीच पुढं पाठवला म्हणाले. मग तो गेला कुठं? मांडवात कुजबुज सुरू झाली. माझी चुलतसासू, जिला गेल्या वेळचं सगळं पाठ होतं, शेजारणीच्या कानात म्हणाली, "पोरीचं नशीबच तसं." ते कुंदानं ऐकलं. मुंडावळ्या बांधून बसली होती, हात मांडीवर घट्ट धरले होते.

"वहिनी," ती मला म्हणाली, "ह्या वेळी सोडताना तू सोड गं. मला नाही जमणार."

 माझी एक वाईट खोड आहे, मला रडू आलं की मी रडत नाही, भांडते. मी तडक ह्यांच्याकडं गेले आणि दोनशे माणसांसमोर तोंडाचा पट्टा सोडला. मंडळ काढलं, वाट काढली, झेंडे काढले. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा म्हटलं. एक टेम्पो आणता येत नाही आणि म्हणे ट्रक चढेल! आयुष्यात एक काम धड केलंय का तुम्ही आठ जणांनी? हे खाली मान घालून ऐकत होते. दाभाडे झेंड्याची काठी पाठीमागं लपवायला बघत होते. आचारीसुद्धा झारा हातात घेऊन ऐकायला आला होता. मी अगदी रंगात होते.

तेवढ्यात मांडवाच्या कडेला लहानूबाबा येऊन उभा राहिला. खांद्यावर विळा, अंगावर गवताची कुसळं.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमचा नवरदेव डोंगरावर हाय."

कुणीतरी सनईची रेकॉर्ड बंद केली.

"डोंगरावर?" मी म्हटलं. "तिथं काय करतोय?"

"उबा हाय."

"का पण?"

"मला काय म्हायीत? मला वाचता येत नाय. त्याचा मामा म्हणतो, पाटीवर लिवलंय. नवरदेवानं हिकडं जायचं."

मी म्हटलं, असं कुठं लिहिलंय? कुणी लिहिलं असलं काही? आणि ते म्हणता म्हणता माझ्या डोळ्यांपुढं माझीच लाल टपोरी अक्षरं आली. वर. त्याच्यापुढं बाण. त्याच्यावर झेंडूची माळ. कमीत कमी शब्दांत जास्तीत जास्त अर्थ. तो जरा जास्तच निघाला होता.

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांच्याही लक्षात आलं होतं. सत्तावीस मिनिटं शिव्या खाल्लेल्या माणसानं नुसता घसा खाकरला. तो घसा मला अजून ऐकू येतो.

कुंदा मात्र उठली होती. मांडवाबाहेर जाऊन कपाळाशी हात धरून टेकडीकडं बघत होती. माथ्यावर एक माणूस गुलाबी फेटा हातात घेऊन जोरजोरात हलवत होता. ती हसायलाच लागली.

"वहिनी, आलाय गं तो," ती म्हणाली. "आलाय."

मग मला रडू आलं ते भांडून थांबणारं नव्हतं. पदर तोंडाला लावून मी खांबापाशी उभी राहिले.

"रडायचं मागनं," लहानूबाबा म्हणाला. "माझ्या पायवाटेनं आणतो त्यान्ला. पण तिच्या तोंडाला काट्या हायत, वळसा मला जमतो, वऱ्हाडाला नाय जमायचा. तुमच्या माणसांनी लावल्या, तुमच्याच माणसांनी काढायच्या."

मग जे श्रमदान झालं तसं मंडळाच्या इतिहासात झालं नव्हतं. इस्त्रीचे सफारी घातलेले आठ सभासद लहानूबाबामागून टेकडी चढले आणि तीन रविवार खपून घातलेलं करवंदीचं कुंपण हातांनी उपसू लागले. खाली भटजी घड्याळाकडं बघत मिनिटं मोजत होते. पावणेबाराला वऱ्हाड उतरायला लागलेलं दिसलं. पुढं लहानूबाबा, त्याच्या खांद्यावर हात ठेवून मोरेश्वरराव. मामांना कुणाचा खांदा नको होता. वाळक्या गवतावर त्यांचा पाय घसरला आणि ते बसले ते तसेच बसून सगळ्यांच्या आधी खाचरापाशी पोहोचले. नवऱ्या मुलाचा मामा वाजतगाजत यावा लागतो. हा धोतर सावरत, मागं गवत ओढत एकटाच आला.

बारा पाचला अंतरपाट धरला. मोरेश्वररावांच्या शेरवानीला इतकी कुसळं चिकटली होती की हार घालताना कुंदाच्या बोटांना टोचली. तिनं एक कुसळ काढलं आणि हळूच म्हणाली, "वाट सापडली का?"

"मला सापडलेली," मोरेश्वरराव म्हणाले. "मामानं बोलू दिलं नाय."

अक्षता पडल्या. सगळं निर्विघ्न पार पडलं असं मी म्हणणार, तेवढ्यात मामा उठले. त्यांना जेवायला बसायच्या आधी एक गोष्ट विचारायची होती.

"ती पाटी कोणी लिवली?"

 दाभाडेंनी आभाळाकडं बघितलं. मंडळातल्या एकाही माणसानं माझ्याकडं बोट केलं नाही, ही त्यांची मर्दुमकी मला मान्य करावी लागते. पण आठही जण माझ्याकडं बघू नये म्हणून इतक्या जोरात दुसरीकडं बघायला लागले की मामांना कळलंच.

"तुमी?" मामा म्हणाले.

"मी," मी म्हटलं.

मामांनी धोतराला चिकटलेलं गवत झटकलं. मग म्हणाले, "अक्षर छान हाय."

टेम्पो तीन दिवस माथ्यावर होता. पुढच्या रविवारी मंडळानं दोर लावून, इंच इंच करत तो उतरवला. रामसजीवन स्टिअरिंगवर बसून देवाचं नाव घेत होता. 'वर'ची पाटी कुंदानं हट्टानं एडवणला नेली. अजून त्यांच्या वाडीत ओटीवर टांगलेली आहे, बाण मोरेश्वररावांच्या खुर्चीकडं. 'खाली'ची पाटी लहानूबाबानं नेली आणि खाचराच्या बांधाला लावली. त्याला वाचता येत नव्हतं, पण फळी मजबूत होती.

आणि मंडळानं पुढच्या बैठकीत एक ठराव केला. एकमतानं, ह्यांच्या मतासकट. ह्यापुढं फाट्यावर पाटी लावायची नाही, माणूसच उभा करायचा, आणि ते काम मानानं वहिनींना द्यायचं. पुढं कितीतरी रविवार मी, मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई, त्या फाट्यावर दगडावर बसून असायचे. कुणी आलं की नुसता हात करायचा. लिहायचं नाही, आणि तोंडानं तर काहीच बोलायचं नाही.

मंडळ होतं तोवर एकही माणूस चुकला नाही.